दहावा आवाज

त्या काळात मेलेल्यांचे गळे परत मिळू लागले होते. हे तंत्र शोधणाऱ्या डॉ. सुनेत्रा केळशीकर त्याला 'स्वरदेह' म्हणत. जुन्या फोनोग्राफच्या मेणाच्या नळीवर सुईने जी चर कोरली जायची, तिच्यात नुसता आवाज नसे. तो ज्या छातीतून, टाळूवरून, दातांमधून आला, त्यांचा ठसाही तिथे उमटलेला असे. गणिताने तो उलगडला, की अख्खा गळा पुन्हा उभा राही. आणि गाणारा स्वतःला ऐकतच गातो, म्हणून गळ्याबरोबर त्याला कानही द्यावे लागत.

रेवदंड्याच्या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनागृहात, त्यांनी यंत्र मांडलं, ते हस्केल वाकरूळकरांच्या खापरपणजोबांचा गळा घेऊन. हे खापरपणजोबा, शालोमजी, इथले हझान, म्हणजे प्रार्थना गाणारे होते.

हस्केलची आई त्याच आठवड्यात गेली होती. मृतांसाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष हजर हवेत. गावातली बहुतेक ज्यू घरं कधीच इस्राएलला गेली होती. उरले होते नऊजण.

"बाई, हे ऐकतात ना?" यंत्राकडे बोट दाखवत हस्केलने विचारलं.

"ऐकतात. सूर जुळवण्यापुरतं. पण काका, तो माणूस नाही, गणित आहे."

"आईसाठी उभं राहायला आणखी कोण येणार आहे?"

बाकीचे आठजण एकमेकांकडे बघत राहिले. मग सगळ्यांत वडील असलेले बिन्यामीनकाका काठी टेकत उठले. "म्हण," ते म्हणाले.

हस्केलने सुरुवात केली. "आमेन" आलं, आणि त्या नऊ थकलेल्या आवाजांखालून दहावा उमटला. भरदार, किंचित नाकातला, समुद्रावर हाका मारून रापलेला. कुणाच्या तरी तोंडून हुंदका फुटला. पुढे एका शब्दावर हस्केलच अडखळला आणि थांबला. शालोमजीही थांबले. त्यांनी वाट पाहिली. मग तोच शब्द, हस्केलला झेपेल इतक्या खालच्या सुरात, हळूच पुढे केला.

सुनेत्राबाईंनी चमकून यंत्राकडे पाहिलं. असं काही त्यांनी यंत्राला शिकवलं नव्हतं.

प्रार्थना संपली. यंत्राच्या कर्ण्यातून संथ श्वास ऐकू येत होता. बाईंनी बटणाकडे हात नेला.

"बंद केल्यावर काय होतं?" हस्केलने विचारलं.

"आत्ता ऐकलेलं सगळं पुसलं जातं. पुढच्या वेळी नळीवरून नव्याने उभे राहतील. तुम्हाला ओळखणार नाहीत."

"म्हणजे हे जातील."

बाईंनी मान डोलावली.

"आज आम्ही त्यांना माणसांत धरलंय, बाई," हस्केल म्हणाला. "ते गेले तर त्यांच्यासाठीही कद्दिश म्हणावी लागेल. आणि तेव्हा आम्ही पुन्हा नऊच असू."

बाईंचा हात तसाच अधांतरी राहिला. कर्ण्यातला श्वास चालूच होता.