दोन स्पीकरांच्या मधली जागा

वहिनींच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. चार ओळी लिहायच्या, त्या धड वाटायच्या नाहीत, कागद फाडायचा, हे माझं नेहमीचंच. शेवटी उत्तराऐवजी मीच गेलो.

पत्रात एवढंच होतं : ‘तुमचे दादा गेल्यापासून त्यांचे स्पीकर मी लावते, पण गाणाऱ्याचा आवाज कुठे ठरतच नाही, भिंतींना धरून फिरतो. एकदा बघून जा. नाहीतर विकते आणि लेकीकडे राहायला जाते.’

दुपारी पोचलो. दादाची खोली तशीच होती. दोन उंच लाकडी स्पीकर, समोर त्याची खुर्ची. तिन्हींमधलं अंतर सारखं राहावं म्हणून फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा. मी स्पीकरांच्या पुढच्या जाळ्या काढून मऊ ब्रशनं धूळ झाडली, आतल्या कागदी पडद्याच्या, म्हणजे कोनाच्या, कडेचं रबर बोटानं चाचपलं. कुठे चीर नव्हती.

मागे वाकून पाहिलं तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या. लाल जागी काळी, काळ्या जागी लाल. मग एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि आवाजाला मध्य म्हणून राहत नाही. नवशिक्याची चूक. मला हे कान पिळून शिकवलं होतं ते दादानंच. शिवाय स्पीकरांच्या बरोबर मध्ये जुन्या मासिकांनी भरलेली लोखंडी ट्रंक. तिथे काहीही ठेवायचं नसतं.

“आजारपणात हात थरथरायचे का त्याचे?”

“छे हो. चांगले ठणठणीत असताना केलंय ते. मी विचारलं तर म्हणाले, तू लक्ष घालू नकोस.” वहिनी हसल्या. “माझ्यापेक्षा या खोक्यांशीच जास्त बोलायचे. शेवटी शेवटी तर भांडायचेसुद्धा.”

दादाचंही चुकू शकतं, या विचारानं मला खरं तर थोडं बरं वाटलं. मी वायरी सरळ केल्या, ट्रंक भिंतीशी ढकलली. वहिनींनी एका बाईच्या गाण्याची रेकॉर्ड लावली. आवाज दोन्ही बाजूंनी सरकत आला आणि मधोमध ठरला. नीट लावलेल्या स्पीकरांची हीच तर गंमत. जिथे काहीच नाही, तिथे गाणारा असल्यासारखा वाटतो.

फक्त तो खुर्चीतल्या माणसाच्या कानाइतक्या उंचीवर वाटायला हवा. हा माझ्या डोक्याच्याही वरून येत होता.

“आता कसं,” वहिनी म्हणाल्या. “कुणी समोर बसून गातंय असं वाटतं.”

“उभं आहे,” माझ्या तोंडून गेलं.

खात्री करावी म्हणून एका स्पीकरची वायर काढली. आवाज दुसऱ्याकडे जायला हवा होता. तो जागचा हलला नाही.

दुसरीही काढली.

गाणं थांबलं. मधोमध, त्याच उंचीवर, श्वास चालू राहिला.

तो बाईचा नव्हता. दादाचाही नव्हता. त्याचा दमा माझ्या ओळखीचा होता.

दादाची ती चूक नव्हती; त्यानं ही जागा मुद्दाम अडवून ठेवली होती. मी ट्रंक परत ओढायला गेलो. मधल्या जागेपाशी ती अडली. कुणाच्या पायाला अडावी तशी.

“वहिनी, तुम्ही आजच लेकीकडे चला.”

“नाही, भावजी.” त्या दादाच्या खुर्चीत बसल्या. त्यांनाही ऐकू येत होतं. “वर्ष झालं, या घरात माझ्याशिवाय कुणी श्वास घेतला नव्हता. राहू दे.”

मला वाद घालता येत नाही. मी निघालो.

त्यानंतर वहिनींनी बाहेर जाणं सोडलं. लेक दाराशी आली तरी त्या आतूनच बोलतात, आणि आवाज दिवसेंदिवस बारीक होत चाललाय. मी फोन केला की आधी तो श्वास येतो, मग वहिनी. मागच्या वेळी ‘लेकीकडे जा’ म्हणालो, तर त्या काही बोलायच्या आत फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तेव्हा त्या कुजबुजल्या, “मी नाही ठेवला.”

म्हणून या वेळी कागद फाडला नाही. लिहिलं : ‘शुक्रवारी सकाळी लेक गाडी घेऊन फाटकाशी थांबेल. कचरा टाकायला निघाल्यासारख्या निघा. काही घेऊ नका, काही बोलू नका.’

आणि सगळ्यात वर : ‘हे मोठ्यानं वाचू नका.’

त्याला वाचता येत नसावं, एवढ्याच भरवशावर आज पत्र पेटीत टाकलं.