उंबरगडची खानेसुमारी

पहाटेच्या धुक्यातून उंबरगडचा बालेकिल्ला हळूहळू वर येत होता. पूर्वेच्या तटावर ऊन पडले, तरी खालची माची सावलीतच होती. आणि त्याहून खाली, जिथे एरवी नाचणीची शेते दिसत, तिथे पातशाही फौजेच्या राहुट्या पसरल्या होत्या. त्यांच्या चुलींचा धूर वाऱ्यावर चढून माचीवर येई. त्या धुरात भाकरीचा वास असे, आणि माचीवरची माणसे तो वास नको म्हणून तोंडाला पदर लावून बसत.

ही माणसे गडाची नव्हती. घाटाखालची पाच गावे फौजेने जाळली, तेव्हा जीव वाचवून जे वर आले, त्यांना किल्लेदार खेत्रोजीराव मालुसकरांनी माचीवर झोपड्या घालू दिल्या होत्या. दिवाळीच्या आत राजधानीतून कुमक येईल, असा सर्वांचा भरवसा होता. दिवाळी गेली, कुमक आली नाही, आणि अंबारखान्यातल्या कणग्या एकेक करून रित्या होऊ लागल्या. तेव्हा किल्लेदारांनी हुकूम केला की माचीची खानेसुमारी करावी, झोपडीगणिक माणसे लिहून घ्यावीत आणि त्याच मापाने शिधा द्यावा.

हे काम गडाचे सबनीस निळो मुकुंद यांच्याकडे आले. निळोपंत चाळिशीचे, हिशेबात चोख आणि मनाने सरळ गृहस्थ. माणसे नीट मोजली म्हणजे राज्य नीट चालते, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु माचीवरच्या लोकांचा अनुभव निराळा होता. त्यांच्या गावी जेव्हा जेव्हा सरकारी माणूस डोकी मोजायला आला, तेव्हा तेव्हा त्याच्यामागून पट्टी आली, नाहीतर वेठ आली. म्हणून पंत माचीवर उतरण्याआधीच तरणे गडी टाक्यामागच्या गुहांत जाऊन बसले, वयात आलेल्या मुली गवताच्या गंज्यांआड गेल्या, आणि म्हाताऱ्यांना कातळाच्या कपारीत नेऊन ठेवण्यात आले. पंतांनी विचारले, लोकांनी सांगितले, पंतांनी लिहून घेतले. एका झोपडीत तीन माणसे सांगितली आणि सात वाकळा पडलेल्या दिसल्या. पंतांच्या ते ध्यानात आलेही, पण झडती घेण्याचा हुकूम नव्हता आणि बायकामाणसांच्या झोपडीत शिरणे त्यांना प्रशस्त वाटले नाही.

त्या मोजणीप्रमाणे शिधा मिळू लागला. तिघांच्या पिठात सातजण जेवू लागले. प्रथम म्हाताऱ्यांनी आपला घास मुलांना दिला, मग आयांनी दिला, आणि थंडी वाढली तशी माचीच्या पश्चिम टोकाला रोज नवे दगड रचलेले दिसू लागले.

अखेर आंबवडे गावच्या पाटलाची विधवा, गिरजाई पाटलीण, एका दुपारी सबनिशांच्या कचेरीशी आली. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि खाली बघत बोलली, "पंत, तुमच्या दप्तरी माझ्या घरची तीन माणसं आहेत. चुलीपाशी सात बसत होती. आता सहा बसतात."

पंतांनी सारे ऐकून घेतले. खोटे का सांगितलेत, असे त्यांनी विचारले नाही.

सायंकाळी ते कारखानिसांकडे गेले. अंबाजी राघो अंबारखान्याचे धनी. त्यांना हे आधीपासून ठाऊक होते. निळोपंतांना आत घेऊन, कवाड लोटून त्यांनी सांगितले की माचीवर लिहिल्याच्या दुपटीने माणसे आहेत हे आपल्याला टाक्यावरून रोज जाणाऱ्या घागरींवरून केव्हाच कळले होते, आणि आपण जाणूनबुजून गप्प राहिलो.

"तुम्हीही गप्प राहा," अंबाजी म्हणाले. "खरा आकडा ऐकून किल्लेदार शिधा वाढवणार नाहीत, पंत. ते माणसं कमी करतील."

निळोपंतांना हा सल्ला भित्र्या माणसाचा वाटला. त्यांनी खेत्रोजीरावांचे मीठ वीस वर्षे खाल्ले होते, त्यांना रणात पाहिले होते. डोळ्यांसमोर उपाशी माणसे आणल्यावर असा पुरुष पाठ फिरवील, हे त्यांच्या मनाला पटेना.

दुसऱ्या दिवशी भरल्या सदरेत निळोपंतांनी मुजरा करून अर्ज गुजरला की झालेली खानेसुमारी खोटी आहे, दोष लोकांचा नसून न पडताळता लिहिणाऱ्या आपला आहे, तरी पुन्हा मोजणी करून शिधा त्याप्रमाणे बांधून द्यावा. चूक आपल्या शिरावर घेणे म्हणजे सबनिशी आणि कदाचित शिरही गमावणे होते. खेत्रोजीराव मात्र रागावले नाहीत. त्यांनी पंतांच्या इमानाची तारीफ केली आणि मोजणीस परवानगी दिली.

या खेपेस पंत हाती बेलभंडार घेऊन माचीवर गेले. पट्टी नाही, वेठ नाही, जो मोजला जाईल तो जेवील, अशी त्यांनी भैरोबाच्या देवळापुढे शपथ घेतली. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. मग गिरजाई उठली, गवताच्या गंजीकडे गेली आणि आपल्या नातीला हात धरून बाहेर घेऊन आली. तिला पाहून बाकीचे निघाले. गुहांतून, कपारींतून, डोळ्यांना ऊन न सोसणारी माणसे येत राहिली. पंतांनी प्रत्येकाचे नाव विचारले, तान्ह्यांचीही नावे लिहिली. माणसे दुपटीहून अधिक भरली.

तो आकडा ऐकून खेत्रोजीरावांनी अंबारखान्याचा हिशेब मागवून पाहिला. मग हुकूम झाला: पहिल्या मोजणीत जे होते त्यांचा शिधा कायम, जे नव्हते त्यांनी उद्या गड उतरावा.

"राव," निळोपंत म्हणाले, "मी देवापुढे शपथ वाहिली आहे."

"सरकारी माणसानं विचारलं तेव्हा आपण नाही, असं त्यांनीच सांगितलं," किल्लेदार शांतपणे उत्तरले. "गडाचा निभाव त्याच आकड्यावर बांधला आहे. पंत, शपथ तुमची, गड राजाचा."

निळोपंतांनी पुष्कळ विनवण्या केल्या. त्या सर्व वाया गेल्या. तेव्हा त्यांनी कमरेची शिक्क्यांची थैली सोडून सदरेवर ठेवली आणि आपलेही नाव गडावरून कमी करण्याची परवानगी मागितली. खेत्रोजीरावांनी त्यांना थांबवले नाही.

सकाळी माचीचा दरवाजा उघडला. मोजणीत असलेले कित्येकजण न मोजलेल्या आपल्या माणसांबरोबर निघाले; गिरजाईही नातवंडांना घेऊन निघाली. सर्वांच्या पुढे, हाती उपरण्याचे पांढरे निशाण धरून, निळोपंत उतरत होते. त्यांच्यामागे दरवाजा लागला आणि अडसर सरकल्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत ऐकू आला.

फौजेच्या मोर्चापाशी त्यांना बंदुकांनी अडवले. पंत एकटेच पुढे गेले. मोर्चावरच्या अंमलदाराने त्यांचे बोलणे अदबीने ऐकले आणि सांगितले की ही तोंडे जितकी गडावर राहतील तितका गड लवकर पडेल, सबब वाट देण्याचा हुकूम नाही. खंदक खणायला तरणे गडी मात्र हवेत. तरणे गडी काढून नेले. बाकीच्यांना उतारावर परत हाकलले. वरचा दरवाजा ठोठावला, तो उघडला नाही.

मोर्चा आणि दरवाजा यांच्यामधल्या त्या उतारावर पाणी नव्हते, झाड नव्हते. लोक कारवीची मुळे उपटून चघळू लागले. पंत माणसामाणसाजवळ जाऊन बसत, आपले अंगवस्त्र कोणाला, धोतराचे पान कोणाला देत. देण्यासारखे दुसरे काही त्यांच्यापाशी नव्हते. नात गेली तेव्हा गिरजाईने तिचे डोळे मिटले आणि पंतांकडे पाहिले.

"पंत," ती म्हणाली, "खोटं बोललो होतो तोवर जगलो."

तिच्या स्वरात राग नव्हता. निळोपंत खाली वाकून त्या मुलीवर दगड रचू लागले. त्यानंतर ते कोणाशी बोलल्याचे कोणी सांगत नाही. थंडीच्या एका सकाळी गस्तवाल्यांना उतारावर हालचाल दिसली नाही.

गड मात्र उपासाने पडला नाही. माणसे उतारावर मरत होती त्याच सुमारास खेत्रोजीरावांचा वकील छावणीत बोलणे करत होता. मनसब आणि जहागिरीचे वचन मिळताच किल्लेदारांनी किल्ल्या दिल्या, आणि पातशाही अंमलदार अंबारखान्यात शिरला तेव्हा दोन कणग्या नाचणीने भरलेल्या होत्या. अंबाजी राघोंनी त्या मोजून हवाली केल्या आणि पावती घेतली.

पुढल्या वर्षी नव्या अंमलाने मुलूख पुन्हा वसवण्यासाठी तगाई जाहीर केली. गावोगाव माणसे मोजावीत आणि त्या मानाने बैल व बियाणे द्यावे, असा उदार हुकूम होता. मोजणीदार घाटाखाली आले तेव्हा पाची गावांत चूल पेटलेली नव्हती. त्यांनी ती गावे बेचिराग, म्हणजे ओस, लिहिली, आणि बेचिराग गावांना बियाणे कशाला, म्हणून ती जमीन खेत्रोजीरावांच्या जहागिरीत जोडून दिली. खंदकावर नेलेल्या गड्यांपैकी जे जगले, ते पावसाच्या तोंडावर सुटून गावी आले. आपली घरे त्यांना जळक्या जोत्यांवरून ओळखता आली. वाडवडिलांपासून जे त्या मातीचे मिरासदार होते, ते नव्या धन्याकडून कसण्याचा कौल घेऊन आपल्याच बांधावर बिनहक्काची उपरी कुळे म्हणून राबू लागले.