गुरुवारचा उंदीर, शनिवारचा नाग

पानएईने उंदराच्या डोक्यावर तेविसावी वाटी ओतली, वाटी मागे झटकली, आणि तळाशी उरलेलं पाणी थेट एका जांभईत गेलं.

जांभई एका तरण्याबांड टांगेवाल्याची होती. त्याने तोंड मिटलं, पाणी गिळलं, ओठ पुसले.

"माफ करा हं..." पानएई म्हणाली. कान लाल झाले होते तिचे.

"माफी कसली? बुद्धाला घातलेलं पाणी, त्यात तुमच्या हातचं. सकाळची न्याहारी झाली माझी."

श्वेझिगोन पगोड्याच्या सोन्यावर नुकतं कुठे ऊन चढत होतं. सोनं असं, की बगानातले कोंबडे अजून फसतात, सूर्य कुठला आणि पगोडा कुठला ते त्यांना कळत नाही, म्हणून दोनदा आरवतात. पगोड्याभोवती आठ कोपरे. ज्याने त्याने आपल्या जन्मवाराच्या कोपऱ्यात जायचं, तिथल्या बुद्धाला आणि त्या वाराच्या जनावराला वयापेक्षा एक वाटी जास्त पाणी घालायचं. पानएई गुरुवारची. गुरुवारचं जनावर उंदीर.

तेवढ्यात मावशी आली. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. चारी पगोड्यांसाठी टांगा ठरवता ठरवता तिने टांगेवाल्याला अख्खं घराणं सांगून टाकलं. आम्ही पकोकूच्या, कालच्या बोटीने आलो, उद्या सकाळी परत. आज बुद्धाचे दात जपलेले चारी पगोडे करायचेत. दिवस बुडायच्या आत चारी झाले की मागितलेलं मिळतं, हे तर शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि उद्या पोरीला बघायला भाताच्या गिरणीचे मालक येणारेत, आंबवलेल्या चहाचं तबक घेऊन. तिने तबकातली चिमूट तोंडात टाकली की जमलं लग्न. मुलगा रविवारचा आहे हो, गुरुवारच्या मुलीला रविवारचाच लागतो.

"तुझा वार कोणता रे बाळा?" मावशीने शेवटी विचारलं. आमच्याकडे माणसाला नाव नंतर विचारतात.

टांगेवाल्याने पानएईच्या ओल्या हातांकडे पाहिलं. गालावर तिने चंदनासारखी पिवळी तनाखा लावली होती, तिच्यावर पाण्याचा एक थेंब थांबला होता.

"रविवार," तो म्हणाला. "नाव आँग."

आणि वाटी घेऊन रविवारच्या गरुडाकडे चालू लागला. तोच दारातली फुलवाली ओरडली, "अरे तौतुन, तुझा घोडा माझी कमळं खातोय!"

पानएईने चमकून पाहिलं. आमच्याकडे नावातच वार असतो. तौतुन म्हटलं की शनिवार. शनिवारचा नाग. आणि गुरुवार-शनिवारचं तर हाडवैर. पानएईच्या आईने एक वेळ वाघ जावई करून घेतला असता, शनिवारचा माणूस नाही.

मावशीला ते ऐकूच गेलं नाही, ती टांग्यात चढण्यात गुंतली होती. पानएईने ऐकलं आणि गप्प बसली. हसू येत होतं. तिच्यासाठी आजवर कुणी शर्ट बदलून आलं होतं, कुणी भांग बदलून. जन्मवार बदललेला हा पहिलाच. पण खोटं ते खोटंच... तिने तिथेच हात जोडून मागून घेतलं — चौथ्या पगोड्यापर्यंत याने स्वतःच्या तोंडाने खरं सांगू दे. सांगितलं तर आईशी मी भांडेन. नाही सांगितलं तर उद्या तबकातली चिमूट.

टांगा निघाला. घोड्याचं नाव बोजी, म्हणजे सेनापती. चाल अशी, की मुंग्या ओलांडून पुढे जात आणि मागे वळून विचारत, तब्येत बरी आहे ना? दोन्ही बाजूंना देवळंच देवळं. विटांची, लाल, गवतातून वर आलेली. मावशी झोपली आणि घोरायला लागली, तशा नदीवरच्या नावा भोंगा समजून किनाऱ्याला लागल्या म्हणतात.

"रविवारचे लोक फार सरळ असतात ना?" पानएईने विचारलं. "ऐकलंय, खोटं बोलले तर उचकी लागते त्यांना."

"छे, कसली उच—" म्हणता म्हणता त्याला उचकी लागली.

तुयिन टेकडी येईपर्यंत ती थांबली नाही. पाचव्या उचकीला तिने विचारलं, रविवारी जन्मलात तर सकाळी की दुपारी? तो म्हणाला, सकाळी. नवव्या उचकीला म्हणाला, दुपारी. शेवटी तिने ताडगुळाचा खडा पुढे केला. तो घेताना त्याची बोटं तिच्या तळहाताला लागली. उचकी थांबली ती थांबली, त्याचं बोलणंही थांबलं.

टेकडीवर दुसरा, पांढरा पगोडा, आणि खाली नजर पोचेल तिथवर कळसच कळस. पानएई पकोकूत वाढलेली, दहादा आलेली, तरी ती पायरीवरच थबकली.

"लहानपणी मी मोजायला बसायचो," तो हळूच म्हणाला. "दरवेळी एक जास्त भरायचं. आजी म्हणायची, आपण झोपलो की देवळं पिल्लं घालतात."

"आणि आज?"

"आज मोजलीच नाहीत. लक्ष नव्हतं."

तिने पदर सावरला नाही, तो नव्हताच. नुसतीच खाली बघत राहिली. आता सांगेल, तिला वाटलं. पण तो वाटी घेऊन उठला आणि पगोड्याला वळसा घालून पलीकडच्या गरुडाकडे गेला. गुरुवारचा उंदीर पश्चिमेला, रविवारचा गरुड पार ईशान्येला. मधे अख्खा पगोडा. ती इकडे पाणी घालतेय, तो तिकडे. सत्तावीस वाट्या उरकून, धापा टाकत, लुंगी भिजवून तो परत येई तोवर तिचे हात वाळलेले असत.

तिसऱ्या पगोड्याला, लोकनंदाला, तेच झालं. तिथे खाली इरावती, पिवळसर, रुंद, उन्हात डुलणारी. तो कठड्याशी येऊन उभा राहिला. नावाआधी मानाचं ‘मा’ लावून म्हणाला, "मा पानएई, एक गोष्ट... सकाळी मी..." आणि मागे पायरीवर पेंगणारी मावशी नेमकी जागी झाली. चौथ्या पगोड्याला पलीकडे नेणारी नाव सुटतेय, पोरांनो, चला, आणि बाळा आँग, तुझ्यासारखा रविवारचा मुलगा शोधून सापडायचा नाही, असं ती म्हणाली. त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

टांगा काठावर सोडून तोही निघाला, नावेत पाण्याकडे बघत बसला. पानएई त्याच्याकडे. सूर्य नदीपासून चार हात वर होता.

पलीकडच्या तीरावरून मालट्रकच्या टपावर बसून ते तंची डोंगरावर पोचले, तेव्हा सूर्य हातभर उरला होता. मावशीने गुडघे धरले आणि पायथ्याच्या चहावाल्याकडेच बसली. वर दगडी हत्तींच्या रांगेमागे पगोडा पेटल्यासारखा दिसत होता. मावळतीचं ऊन, सोनं आणि वारा. असं काही पाहिलं की माणसाला खोटं बोलवत नाही, असं पानएईला वाटलं.

पण त्याने वाटी उचलली आणि तो वळसा घालून निघून गेला. पलीकडे.

ती उंदरापाशी बसली. एक वाटी, दुसरी वाटी... मुद्दाम सावकाश. बाविसावी झाली. कुणी आलं नाही. तेविसावी तिने थेंब थेंब ओतली. संपली.

संपलं तर मग, ती मनात म्हणाली, आणि उठली.

तेव्हा अगदी शेजारी पाणी पडल्याचा आवाज आला. हात लांब केला असता तर लागला असता इतक्या शेजारी. गुरुवारला लागूनच पुढचा कोपरा शनिवारचा. नागाच्या फण्यावर पाणी घालत तो बसला होता, मान खाली घालून.

"मी शनिवारचा," तो म्हणाला. "तौतुन नाव. सकाळी खोटं बोललो. तिथे गरुडापाशी हात वर केला, पण ओतवेना. तुमच्या-माझ्या वारांचं वैर आहे, ते पंचांगातसुद्धा आहे, मी नाही म्हणत नाही. पण तीन पगोडे पळत पलीकडे गेलो आणि तीनदा तुम्ही दिसला नाहीत. इथून दिसता. एवढ्या जवळ वैरी ठेवतात का कुणी?"

"मला सकाळीच कळलं होतं."

त्याच्या हातातली वाटी थांबली. "मग बोलला का नाहीत?"

"मी कशाला बोलू? माझा वार खरा होता."

तो हसला नाही. घाबरलेला होता. "आणि उद्याचं तबक?"

"आल्या पावली परत जाईल. आई आठ दिवस माझ्याशी बोलणार नाही, नवव्या दिवशी तुला बघायला मागेल. तेव्हा केस नीट विंचरून ये."

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. त्याने खाली पाहिलं, मग पश्चिमेकडे. सूर्याची कड पलीकडच्या डोंगरांना टेकली होती.

"किती झाल्या तुझ्या?" तिने विचारलं.

"नऊ. अठरा राहिल्या... नाही व्हायच्या आता."

पानएईने आपली वाटी भरली, दोन पावलं सरकली आणि नागाच्या डोक्यावर ओतली. लगेच दुसरी भरली.

"गुरुवारच्या हातचं चालतं का पण नागाला?" त्याने विचारलं.

"गप. मोज."

"अकरा," तो म्हणाला.