डंख नसलेल्या माश्या

"अजी, झटकू नका! तिले डंख नाही!"

घनश्यामचा हात हवेतच थांबला. मनगटावर माशी, समोर हसू दाबत उभी असलेली तुळसा... अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, आसगावजवळच्या रोपवनात त्यांची अशी गाठ पडली. तो जवाहरनगरचा, पानं खाणाऱ्या अळ्यांवर भुकटी मारायला रोजंदारीवर आलेला. ती मध काढणाऱ्या डोमाची लेक.

"मधमाशीच आहे न?"

"कंबर पहा. मधमाशीची बारीक, हिची जाड. हिच्याच अळ्या पानं खातात. डसली तर मधमाशी, नाही तर ही. एवढं ध्यानात ठेवा!"

"कंबर पाहू म्हणतेस?"

"माशीची!" म्हणत ती जी पळाली, ती बांधापाशीच थांबली.

मग काय, रोज संध्याकाळी स्वारी बांधावर हजर. "आज तीन डसल्या," म्हणून सुजलेली बोटं पुढे! वेडाच की नाही? ती फुंकर घाली, अन् तिचा जीव त्याच्यात कधी गुंतला, तिचं तिलाही कळलं नाही. एक सांगायचं मात्र राहून गेलं — कोसंबाच्या झाडाच्या ढोलीतल्या बारक्या काळ्या मधमाश्यांनाही डंख नसतो. सगळ्या रानात त्यांचं तेवढंच एक मोहोळ उरलं होतं. वाढावं म्हणून डोमाने तीन वर्षं त्याला हात लावला नव्हता.

भादव्यात एका सकाळी बापलेक तिथे पोचले, तेव्हा ढोलीखाली मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. भुकटीचा पंप घेऊन घनश्याम उभा.

"हातभर बसल्या, तुळसा... एकही डसली नाही. म्हणून मी..."

ती पांढरीफटक पडली.

"कोनं सांगितलं तुले माराले?" डोमा ओरडला.

घनश्यामने तिच्याकडे पाहिलंही नाही. "कोनी नाही. माहीच चुकी."

"नाही, बाबा! डसत नाही ती मधमाशी नाही, असं मीच शिकवलं यायले... हासत हासत."

डोमा खाली बसून एकेक माशी ओंजळीत गोळा करू लागला.

घनश्यामचं काम सुटलं. एसटीच्या थांब्यावर तो हळूच म्हणाला, "तुळसा, मले तू पाहिजे. चाल माह्यासंग."

"माहा जीव तुमच्यावरच आहे... पण बाबा दोन दिवसांपासून जेवले नाहीत. त्यायले सोडून कशी येऊ?"

"मग मी येऊ परत?"

तिला हो म्हणायचं होतं. देवा, किती म्हणायचं होतं!

"नका येऊ," ती म्हणाली. "तुमाले पाहिलं का मले आनंद होते. अन् आता तो आनंद मले सहन होत नाही."