एकेरी

"ए, इवलं थांब. तार गरम आहे."

माझ्याशी असं बोलायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. निदान अनोळखी माणसानं तरी नाहीच. जिन्याखालच्या त्या कोनाड्याएवढ्या दुकानात मी नुकतंच पाऊल टाकलं होतं. हातात बंद पडलेला हेडफोन, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र, अंगात नोकरीचा थोडासा तोरा... आणि हा रेडिओ दुरुस्त करणारा, डोळ्याला भिंग लावलेला, वर न बघताच मला म्हणतो, 'ए, थांब'!

"ओळख ना पाळख, आणि एकदम एकेरीवर?" मी फणकारले. "अहो-जाहो करायला जीभ झडते की काय?"

त्यानं भिंग काढलं. चेहरा असा गोंधळलेला, की मलाच कसंनुसं झालं.

"आमच्या बोलीत 'अहो' नाही," तो म्हणाला. "म्हणजे... शब्दच नाही."

"काहीतरीच! मग मोठ्या माणसाला काय म्हणता?"

"तू."

"सासऱ्याला?"

"तू."

"आणि देवाला?"

"देवाला तर तूसुद्धा 'तू'च म्हणतेस की!"

घ्या! हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते फुटलंच. मग माझ्यातली आगाऊ बाई जागी झाली. मी म्हटलं, "नदीपलीकडचे ना तुम्ही? धरणात गेलेल्या सात गावांपैकी एका गावचे."

त्याच्या हातातलं गरम हत्यार तसंच हवेत राहिलं. "कसं ओळखलंस?"

"कान आहेत मला."

"एकच आहे," हेडफोन उलटसुलट करत तो म्हणाला. "डावा बंद पडलाय."

त्या दिवसापासून माझं नाव पडलं 'डावा कान'.

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी. बोलण्यावरून गाव ओळखणं हा माझा नुसता आगाऊपणा नव्हता, ती माझी नोकरी होती. धरण झालं तेव्हा सात गावांबरोबर लोकांचे कागदही बुडाले. त्या लोकांना या शहरात राहायचा दाखला मिळायचा, आणि दाखला मिळतो म्हटल्यावर खोटेही रांगेत उभे राहायचे. मग कचेरीनं उपाय काढला. अर्जदाराला दहा मिनिटं बोलतं करायचं, ते रेकॉर्ड करायचं, आणि आम्ही दोन 'ऐकणाऱ्यांनी' वेगवेगळं ऐकून लिहायचं, की बोली खरी आहे का शिकलेली. नाव नाही, फोटो नाही, फक्त नंबर. खोटा ठरला तर महिन्याच्या आत शहर सोडायचं. आणि आम्ही हे काम करतो हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा पहिला नियम. त्याला मी सांगितलं होतं, मी टायपिंग करते.

हेडफोन पुढच्या तीन महिन्यांत पाच वेळा बिघडला.

"वन्सं," घरी वहिनी मुद्दाम जुन्या थाटात म्हणायची, "दुखणं त्या यंत्राला आहे की तुम्हाला?"

"वहिनी, गप्प बैस."

"मी कुठे काय म्हणते? यंत्राचीच चौकशी करतेय."

पहिल्या आठवड्यातच त्यानं मला विचारलं होतं, "मला इथलं बोलणं शिकवशील? एका गिऱ्हाइकाला 'तू' म्हटलं, तर त्यानं रेडिओ हिसकावून नेला." आणि मला काय, शिकवायची हौसच! मी स्टुलावर बसायचे, तो तारा जोडत बोलायचा, आणि चुकला की मी टेबलावर टिचकी मारायचे. 'इवलं' नाही, 'जरा'. 'थांब' नाही, 'थांबा'. वाक्याचा शेवट असा वर उचलायचा नाही, खाली ठेवायचा.

"तुम्ही... चहा... घेणार का?" तो शाळेतल्या पोरासारखा म्हणायचा.

"शाब्बास! घेणार."

"तुम्ही... उद्या येणार का?"

"ते हेडफोनवर अवलंबून आहे."

"मग तो नीट करतच नाही."

जसजसा तो सफाईनं बोलायला लागला, तसतशी मी खूश. गंमत बघा, सगळं जग आधी 'तुम्ही' म्हणतं आणि जवळ आलं की 'तू' होतं. आमचं उलटं चाललं होतं. अनोळखी असताना त्यानं मला 'तू' म्हटलं, आणि आता तोच 'तुम्ही' म्हणताना असा काही माझ्याकडे बघायचा... की मला खालच्या स्क्रूच्या डब्यात बघावं लागायचं. आवडायला लागला होता मला तो. साफ आवडायला लागला होता.

एकदाच तो गप्प गप्प होता. म्हणाला, "काल चुकून आईला 'तुम्ही' म्हणालो. ती जेवलीच नाही."

मी हसले. हो, हसले मी! आज आठवलं की स्वतःच्या दोन मुस्कटात माराव्याशा वाटतात.

मग एका बुधवारी माझ्या टेबलावर नंबर तीनशे अठराची फाइल आली. मी हेडफोन लावला, बटण दाबलं.

"नमस्कार. तुम्ही विचाराल ते सांगतो..."

तो आवाज मी हजारात ओळखला असता.

अर्ज केलाय हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. मी तरी त्याला कुठे काय सांगितलं होतं? मी ऐकत राहिले. त्याचं घर, घरामागची उतरण, गुरं परतायची वाट. सगळं खरं. आणि सगळं माझ्या भाषेत! 'जरा', 'थोडंसं', 'तुम्हाला सांगतो'. वाक्यांचे शेवट शिस्तीत खाली ठेवलेले. मुलाखत घेणाऱ्याला तो दहा मिनिटांत अकरा वेळा 'तुम्ही' म्हणाला. पलीकडचा माणूस जन्मात एकदाही म्हणणार नाही, ते अकरा वेळा!

फाइलमध्ये पहिल्या ऐकणाऱ्याचा शेरा होता. आमच्या कचेरीत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. अक्षर मोत्यासारखं. 'बोली अलीकडची. पलीकडचा असल्याचा दावा खोटा.' गुरुजींचा दोष नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच लिहिलं असतं.

त्याच्याकडे एकच पुरावा होता, त्याची जीभ. आणि ती मी तीन महिने टिचक्या मारमारून घासून काढली होती.

सुनावणी दुसऱ्या दिवशी अकराला. मी धावत जिन्याखाली गेले, तर दुकानाला कुलूप. घर कुठे ते माहीत नव्हतं.

संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगून टाकलं. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आता थट्टा नव्हती.

"तू 'खरी बोली' असं लिहिलंस तर?"

"दोघांचं जुळलं नाही की तिसरा ऐकतो. त्यालाही तेच अकरा 'तुम्ही' ऐकू येणार."

"आणि खरं सांगितलंस तर?"

"अर्जदाराशी ओळख लपवली म्हणून ऐकण्याच्या कामावरून काढतील. नऊ वर्षं झाली वहिनी... मला दुसरं येतं काय?"

तिनं टॉवेल माझ्या मांडीवर ठेवला. "गप्प बसायला तरी कुठे येतं तुला?" ती म्हणाली.

सुनावणीच्या खोलीत चौघं होती. टेबलामागे मुख्य अधिकारी बाई, त्यांच्या शेजारी गुरुजी, समोर तो आणि त्याची आई. टेबलावर रेकॉर्डर. मी आत शिरले, त्याची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर आणि मग ओळखपत्रावर गेली. चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"बाई, तो 'तुम्ही' माझा आहे," मी उभ्या उभ्याच म्हणाले.

"तुमचा म्हणजे?"

मी सांगितलं. हेडफोन, स्टूल, टिचक्या, सगळं. बाईंच्या कपाळावर आठी चढत गेली.

"तीन महिन्यांत माणसाची बोली बदलते?"

"बदलते," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण यांनी सांगितलं म्हणून मी शेरा कसा बदलू? तो पलीकडचा आहे हे मला ऐकू आलं पाहिजे."

"मग आता बोलून दाखवा पलीकडच्या बोलीत," बाई त्याला म्हणाल्या.

त्यानं तोंड उघडलं. "तुम्ही... तू... मी काय..." आणि अडकला. घाम फुटला बिचाऱ्याला. सांगून येणारी का बोली असते? असं चाचपडत बोलला तर उलट जास्तच खोटा वाटणार, हे मला दिसत होतं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

चिडलेला माणूस व्याकरण सांभाळत नाही, एवढं या नोकरीनं मला शिकवलं होतं. मी पुढे होऊन रेकॉर्डरचं बटण दाबलं. त्याच्याकडे वळले. आणि तोंड चालू केलं.

"जाऊ द्या बाई. मला तरी काय पडलंय? हे असलं खेडवळ बोलणं ऐकायला गंमत वाटायची, म्हणून जायचे मी. ऑफिसात येऊन नकला करायचे याच्या."

तो नुसता बघत राहिला. अजून पुरेसं नव्हतं. त्याची आई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्यासमोर मी ते बोलले.

"आणि ते गाव... बुडालं ते बरंच झालं."

खुर्ची धाडकन मागे पडली.

"तू! तू बोलतेस हे?" तो ओरडला, आणि प्रत्येक शब्दाचा शेवट डोंगर चढल्यासारखा वर गेला. "इवली तरी लाज ठेव!"

"अहो, शांत व्हा—" बाई उठल्या.

"तू गप्प बस! तुझ्या चुलीत शिरलं होतं का पाणी?"

बाईंना जन्मात कुणी एकेरी हाक मारली नसावी. त्या मटकन खाली बसल्या.

तो माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्यासाठी शिकलो मी! गिऱ्हाइकं गेली खड्ड्यात. आरशापुढे उभा राहून घोकायचो तुझं ते 'तुम्ही, तुम्ही'. माझ्या आईला मी परका झालो, का तर तुला इवलं बरं वाटावं. जीव जडला होता तुझ्यावर... आणि तू नकला करत होतीस?"

आणि आईचा हात धरून तो ताडताड बाहेर गेला.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी स्वतःचा शेरा सरळ रेघ मारून खोडला, वर लिहिलं, 'बोली पलीकडची. खरी.' आणि सही केली. "असं रागावायला कुणी शिकवू शकत नाही," ते म्हणाले.

बाईंनी माझ्यापुढे एक छापील निवेदन सरकवलं. "हे भरा. ते जोडल्याशिवाय त्यांची फाइल पुढे जाणार नाही. आणि उद्यापासून ऐकण्याच्या खोलीत तुम्ही यायचं नाही."

मी मान डोलवली. नऊ वर्षांचा कान माझा... डोळे भरून आले ते काही थांबेनात.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून मी लिहायला घेतलं. ओळख कधी झाली, कुठे झाली. तो दूर खिडकीशी पाठ करून उभा होता. त्याची आई हळूच माझ्याशेजारी येऊन बसली.

"बुडालं ते बरं झालं म्हणालीस?"

"हो."

"खोटं ना?"

"साफ खोटं, आई."

"मला वाटलंच होतं बघ," ती म्हणाली, आणि खिडकीकडे ओरडली, "ए मेल्या, ती तुला मुद्दाम चिडवत होती. इकडे ये!"

तो आला. माझ्याकडे बघेना.

"गावाचं खोटं होतं," मी म्हणाले. "नकलांचं खोटं. शब्दांच्या गमतीसाठी यायचे, तेही खोटं. हेडफोन पहिल्यांदा खरंच बिघडला होता. पुढच्या पाचही वेळा... मीच तार उपटली."

"माहीत होतं मला."

"काय?"

"तुटलेली तार आणि उपटलेली तार, फरक कळत नाही का मला?"

मला हसू आलं आणि रडूही. त्यानं माझ्या हातातला कागद घेतला, वाचत खाली खाली गेला.

"'अर्जदाराशी नातं'. हे रिकामं का?"

"तो रकाना एकटीनं भरायचा नाही... म्हणून."

तो कागद घेऊन बाईंच्या दारापर्यंत गेला.

"बाई, इथे होणारं नातं लिहिलं तर चालतं?"

"नाही," आतून करडा आवाज आला. "आज जे असेल तेच लिहायचं."

तो परत आला. माझ्या बोटांतलं पेन काढून घेतलं, बाकावर वाकला आणि सावकाश, एकेक अक्षर जपून लिहिलं, 'आपलं माणूस'.

त्याखाली मी सही केली.