पाठमोरा

"अहो, थांबू नका ना! चालत राहा..."

हर्सूलच्या तळ्याकाठी बसलेली गोदा हे बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. अनोळखी माणसाला असं ओरडतात का कुणी! ही सत्तर सालची गोष्ट, तेव्हा तर मुळीच नाही. पण करणार काय? चित्रकलेच्या परीक्षेसाठी तिनं शांत पाणी काढलं, बाभळी काढल्या, तरी चित्र ओकंबोकंच दिसत होतं. तेवढ्यात नव्या चपला हातात धरून, अनवाणी, हा उंच गडी पाण्याच्या कडेनं आला.

"चालतो की. कुठवर?"

"त्या बाभळीपर्यंत."

"आन् मग?"

"मग... परत या."

तो परत आला. पुढच्या रविवारीही आला आणि येतच राहिला. बन्सी त्याचं नाव. औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानात कामाला होता.

"मला पाठमोराच का काढता? तोंड इतकं वाईट हाय?"

"तोंड काढलं तर घरी ओळखतील!"

"वळखू द्या की. मी तर आईला घेऊन घरीच येणार..."

गोदाचा ब्रश पाण्याऐवजी चहाच्या कपात गेला. पोरगी पार वेडी झाली होती, खोटं कशाला सांगू!

बन्सीची आई आवडाबाई भारी कडक. पोरानं स्वतःच मुलगी निवडली हे त्यांना कळलं तर संपलंच! म्हणून मध्यस्थाकडून रीतसर स्थळ सांगून यायचं आणि दोघांनी अनोळखी होऊन बसायचं, असं ठरलं.

झालंही असतं तसं. पण मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना तिची कला दिसायला नको? गोदाच्या वडिलांनी, आप्पासाहेबांनी, तिनं कपाटामागं लपवलेलं चित्र काढून कौतुकानं बैठकीत टांगलं. पोह्यांच्या बशा घेऊन आलेल्या गोदानं ते पाहिलं आणि पहिली बशी पाहुण्यांऐवजी आप्पासाहेबांनाच दिली.

आवडाबाई उठून चित्रापाशी गेल्या.

"अगं बया! हा तर आमचा बन्सी! झिजतील म्हणून चपला हातात धरणारा दुसरा कोण आसंल?" त्या वळल्या, तेव्हा तोंडावरचं हसू गेलं होतं. "व्हय रं? वळखतोस हिला?"

गोदानं त्याच्याकडं पाहिलं. बोल ना रे... नुसती मान हलव!

बन्सीनं बशीतले पोहे चिवडले. "नाय, आई. आजच बघतोय."

"मग कोण्या परक्या पुरुषाला न्याहाळत बसती तुमची लेक?" आवडाबाईंनी आप्पासाहेबांना विचारलं.

आप्पासाहेबांची मान खाली गेली. बन्सीची आधीच गेली होती. गोदाला संताप आला, रडू आलं, आणि सगळ्यात जास्त त्याची लाज वाटली. त्याचं नाव घेतलं असतं तर तो तिथंच सापडला असता, कदाचित लग्नही झालं असतं. पण असा ओढून आणलेला नवरा घेऊन करायचं काय?

"पोरी, तुलाच विचारते. कोण हा?"

"कुणी नाही," गोदा म्हणाली. "मनानं काढलाय. असा माणूस मला कधी भेटलाच नाही." आणि तिनं बशी त्यांच्यापुढं केली. "पोहे घ्या, गार होतायत."