दोन बोटांची जागा

"हात काढ त्या सायकलीवरनं, चोरा!"

चतुराबाईचा आवाज अंगणातून पार पाणंदीपर्यंत गेला. नात रुपाली दप्तर पाठीला लावून शाळेला निघालेली, अन् तिच्या सायकलीपाशी पाना घेऊन उकिडवा बसला होता बन्सीधर... पोटच्या पोरासारखा वाढवलेला तिचा धाकटा दीर! धनी येडबा गेले, तर राख सावडली त्याच दिवशी ह्यानं मेलेल्या भावाच्या ह्याच सायकलीचे मडगाड काढून नेले होते. तेव्हापासून दोन्ही घरांमध्ये काटेरी कुंपण उभं होतं.

"तवा भंगारात घालून दारू प्यालास. आता नव्यांवर डोळा हाय व्हय? म्या सोता परभणीहून आणलेत. टायरला चिकटून बसवून घेतलेत! माझ्या लेकराच्या गणवेशावर एक शिंतोडा उडायचा न्हाई."

"वैनी, पाऊस पडून गेलाय. वाट काळ्या रानाची. पोरीला असं धाडू नका. येवढं ऐका..."

"तुझं ऐकू? ऊठ!"

तो उठला, अन् वळसा घालून कुंपणापलीकडं आपल्या अंगणात गेला. नेहमीसारखाच मुका! ह्या मुकेपणानंच तर तिच्या अंतःकरणात आग पडायची. चोर म्हणावं, अन् माणसानं नुसती मान खाली घालावी... भांडायचीसुद्धा लाज वाटावी ह्याला?

रुपाली निघाली. पाणंदीच्या वळणाला पोचते न पोचते तोच पुढचं चाक जागच्या जागी थटलं, जणू कुणी दोन्ही हातांनी आवळून धरलं, अन् पोर हँडलावरून चिखलात जाऊन पडली!

बन्सीधर कुंपण ओलांडून धावला. मागून अनवाणी चतुराबाई.

"आज्जे, चाकच फिरंना गं!" कोपर चोळत रुपाली रडवेली झाली.

चतुराबाईनं चाकाला हात घातला. टायर अन् मडगाड यांच्या मधे काळी चिकण माती अशी ठासून बसली होती, की नखानं उकरता उकरेना... अन् उकरता उकरता तिचा हात थांबला.

येडबाही अशाच चिखलाच्या दिवशी सायकलवरूनच पडले होते. पुलाच्या दगडावर डोकं आपटलं. घेरी आली असंल, असं गाव म्हणालं. पण त्याच्या आदल्या दिवशी, "धन्याच्या धोतरावर डाग नगं, मडगाड चिकटून बसव," असं कोण म्हणालं होतं? "माती अडकंल, वैनी," म्हणणाऱ्या बन्सीला, "लय शहाणा झालास!" असं कोण खेकसलं होतं?

"बन्सी... त्यांचं चाकबी असंच...?"

त्यानं तोंड फिरवलं. खांदे मात्र गदगदा हलू लागले.

"ते जुने मडगाड कुठं हायत?"

"अस्थी घेऊन गंगाखेडला गेलो, तवा दादाच्या संगं गोदामाईत सोडले. तुमच्या नदरंला पडू नये म्हणून."

"अन् मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी जगला असता का, वैनी? बसवले तर म्याच व्हते. माझ्यावर चिडून तरी तुमी रोज चूल पेटवत व्हता..."

खाडकन त्याच्या गालावर चापट बसली. अन् दुसऱ्याच क्षणी ते पांढरं डोकं तिनं छातीशी ओढून घेतलं.

"मुडद्या! माझ्याच तोंडानं चोर म्हणवून घेतलंस! येवढं पाप माझ्या जिभेला लावलंस! मी काय मेणाची हाय व्हय, इतळून जायला?"

दोघं किती वेळ रडली, ते त्या पाणंदीलाच ठाऊक. शेवटी डोळे पुसत बन्सीधर म्हणाला, "काढून टाकतो आता हे."

"काढतो कशाला? बसव! जागा ठिवून बसव."

त्यानं नट ढिले केले, काडीनं माती काढली, मडगाड वर उचलून धरला. चतुराबाईनं टायरवर आपली दोन बोटं आडवी ठेवली.

"आजून वर... माझी बोटं मोकळी फिरली पायजेत. हां. आता आवळ."

नट आवळून झाले, तरी बोटं तिथंच होती.

"दुपारी बायकोला घेऊन जेवायला ये," ती चाकाकडं बघतच गुरगुरली. "अन् येताना ते कुंपण मोडीत ये. पुन्यांदा वळसा घालून आलास, तर याद राख!"